हात मागं बांधलेल्या बाई

वर्गाच्या दारात पाऊल टाकलं की बाई दोन्ही हात पाठीमागं न्यायच्या आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायच्या. तास संपेपर्यंत ते हात पुढं येत नसत. नवख्या माणसाला वाटायचं, काय तोरा आहे! पण तुमच्यापैकी कुणी पोरांना हस्तकला शिकवली असेल, तर तुम्हाला माहीत असेल की तो तोरा नव्हता. पोराच्या हातातला मातीचा बैल डोळ्यांदेखत मोडताना बघायचा आणि आपण हात लावायचा नाही, हे महाकठीण काम आहे. मी गणिताची. पोरगं भागाकारात अडकलं की मी खडू हिसकावते आणि उरलेलं गणित सोडवून मोकळी होते. पोर्शन काय आपोआप संपतो?

शहराच्या गारखेडा भागातल्या आमच्या शाळेत त्या कार्यानुभवाच्या बाई होत्या. माहेर फर्दापूरजवळच्या एका खेड्यात. पावसाळ्यात तिथल्या ओढ्याकाठची चिकणमाती पोत्यात भरून एसटीनं आणायच्या. एकदा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, लोक गावाकडून ज्वारी आणतात, डाळ आणतात. तुम्ही माती?" बाई म्हणाल्या, "शहरात मिळत नाय हो." हे त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. एरवी हसण्यासारखं फार नव्हतं. ऑनलाइन माहिती भरा, फोटो टाका, मधे वेळ मिळाला तर शिकवा. सगळेच दमलेले.

पोळा जवळ आला की पोरं बैल करायची. त्यातल्या निम्म्यांनी बैल पाहिलेला तो मोबाइलवर.

"बाई, बरोबर हाय का?"

"तूच बघ की."

"बाई, पाय तुटला!"

"मग? आता कसा उभा राहील तो? तूच बघ."

आणि बैल तरी कसे निघायचे! एखादा डुकरासारखा, एखादा थेट सोफ्यासारखा. बाई हात मागं धरून एकेकापुढं उभ्या राहायच्या आणि कौतुकानं मान डोलवायच्या. मला तर कीवच यायची, बैलांची आणि बाईंचीही.

त्या वर्षी पाचवीतल्या सानिकाच्या बैलाचा एक पाय आखूड झाला. दोनतीनदा तो आडवा पडला. मग तिनंच बाकीचे पाय जाड केले, मान जरा वळवली आणि जाहीर केलं, "याच्या पायाला लागलंय. हा लंगडत लंगडत घरी चाललाय." बाई ते सांगत स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

पण त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मीही तिथंच हजेरीपत्रक घेऊन उभी होते. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, प्रदर्शनाला संस्थेचे लोक येणार आहेत. मातीचा तास ठेवायचा की बंद करून किट मागवायचे, हे ते तिथंच ठरवणार." किट म्हणजे कापून, नंबर टाकून आलेले तुकडे. पोरांनी फक्त चिकटवायचे. "मला तुमचा तास हवाय हो. पण हे बैल दाखवायचे कसे? पालक तर म्हणतात, औरंगपुऱ्याच्या बाजारातून तयार आणून देतो. जरा हात फिरवा की."

बाईंचे हात पाठीमागं गेले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पिशवी घ्यायला परतले, तर बाई कार्यानुभवाच्या खोलीत जमिनीवर बसलेल्या. पोरांचे बैल ओल्या फडक्याखालून काढलेले, आणि बाईंचे हात पुढं. ते हात काम करताना मी पहिल्यांदाच पाहिले. ओलं बोट फिरायचं आणि पाय सरळ, शिंगं सारखी. काय हात होते हो!

मान वर न करता त्या म्हणाल्या, "लई थकले, मॅडम. दरसाल भांडायचं. एकदा लावते हात. तास तर वाचंल."

"बरं करताय," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बैलांची रांग, प्रत्येकापुढं पोराच्या नावाची चिठ्ठी. पाहुणे खूश. "वा, एवढ्याशा पोरांनी? हा तास बंद करायचा नाही," त्यांच्यातले एक वडीलधारे मोठ्यानं म्हणाले. सरांनी माझ्याकडं बघून सुस्कारा सोडला. तेवढ्यात पाचवीची रांग आत आली. सानिका टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत गेली, मग वाकून खालीही बघून आली.

"बाई, माझा बैल कुठंय?"

बाईंनी बोट दाखवलं.

"हा नाय. माझा लंगडत होता."

मीच घाईनं म्हटलं, "अगं, बरा झाला त्याचा पाय!" पाहुणे हसले. सानिका हसली नाही. ती बाईंकडं बघत राहिली.

बाईंनी पुढं होऊन तिच्या नावाची चिठ्ठी उचलली. मग शेजारची. मग पुढची.

"बाई, हे काय करताय?" सर कुजबुजले.

"सर, पोरांचा यातला एकबी नाय," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "समदे माझे हायेत."

मला इतका राग आला म्हणून सांगू! वाचला होता ना तास? चिठ्ठ्या तशाच राहिल्या असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं? तो राग अजून गेलेला नाही.

बाईंना कुणी काढलं नाही. फक्त त्यांचा तास उरला नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या माहेरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या खोलीत आता किटची खोकी आहेत. कोपऱ्यात मातीचा टब तेवढा राहिलाय, आणि भिंतीवरच्या खिळ्याला बाईंची मातीचे डाग पडलेली जुनी सुती ओढणी होती. दर शनिवारी शाळा सुटली की मी ती ओढणी भिजवते, पिळते आणि टबावर घालते. कशासाठी, ते मला विचारू नका.

परवा फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "बाई, टबातली माती अजून ओली ठेवलीय हो."

"कशाला उगं तरास घेता, मॅडम? फेकून द्या."

मी फोन ठेवायला निघाले.

"फडकं सुती हाय ना?" बाईंनी विचारलं. "नायलॉनचं पाणी धरत नाय."

"सुतीच आहे," मी म्हटलं. कुणाचं, ते मात्र माझ्याच्यानं सांगवलं नाही.