कल्लप्पाच्या दम्याचे बत्तासे

"वढल्याबिगर काय येत न्हाय," असं कल्लप्पा नेहमी म्हणायचा. गावी, मैंदर्गीला असताना आडाचं पाणी शेंदताना म्हणायचा. सोलापूरच्या गिरणीत माग चालवू लागला, तेव्हा धोट्याला तोंड लावताना म्हणायचा.

आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं धावणाऱ्या त्या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागे. ओठ भोकाला लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत जिभेवर येई. दिवसभर हेच. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. म्हणून क्षयवाल्याचा धोटा कुणी घेत नसे, आणि ज्याचा धोटा कुणी घेत नाही त्याला माग राहत नसे.

तीस सालानंतरच्या एका थंडीत कल्लप्पाच्या छातीत शीळ वाजू लागली. पहाटेचा भोंगा झाला की तो भिंतीला हात टेकून हवा शोधत उभा राही. बाजूचे विणकर त्याच्या धोट्याकडं बघू लागले.

विणकरांवरचा मुकादम, जॉबर सिद्धाराम, त्याच्याच गावचा. त्यानं एकदा बाजूला घेतलं. "मानसं बोलाय लागल्यात, कल्लप्पा. दमा असला तर ऱ्हा. दुसरं काय निगालं तर माज्या हातात काय न्हाय."

कल्लप्पाच्या बायकोनं, बनाबाईनं, सिद्धेश्वराला नवस बोलला. नवऱ्याला दमाच असू दे, असा नवस त्या देवानं आधी कधी ऐकला नसेल.

पेठेतल्या डॉक्टरनं मेणबत्ती पेटवून हातभर लांब धरली. "फुंक मार."

कल्लप्पानं सगळा जीव ओठात आणला. ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "दमा वाटतो," तो म्हणाला. "वाटतो, हं. आत आणखी काय आहे ते मला इथून दिसत नाही. आणि काहीही असो, ती गिरणीतली कापसाच्या तुसाची हवा सोड."

कल्लप्पानं त्यातला दमा तेवढा उचलला. बाकीचं तिथंच ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी माग सुरू व्हायच्या आधी त्यानं मागामागावर बत्तासे वाटले.

"पोरगं झालं का रं?"

"दमा झालाय!"

"आयला, लग्नात लाडू दिला न्हाईस, आन् दम्याला बत्तासे!"

हशा पिकला. सिद्धारामनं बत्तासा तोंडात टाकला. "ग्वाड हाय," तो म्हणाला. "आता सूत वढ बगू."

कल्लप्पानं धोटा ओठांना लावला. गालफडं आत गेली, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या. सूत हललं नाही. त्यानं पुन्हा ओढलं. भोकात नुसती थुंकी चमकली. हसणारे आपापल्या मागाकडं वळले.

शेजारच्या मागावरच्या बसप्पानं त्याच्या हातातून धोटा घेतला. पुसलासुद्धा नाही. तोंडाला लावला, सूत ओढलं आणि परत दिला. "दमा हाय न्हवं? मग कशाला भ्यायचं? चालीव माग."

सिद्धारामनं काही पाहिलंच नाही असं तोंड फिरवलं. तेव्हापासून कल्लप्पाचा श्वास बसप्पा ओढू लागला.

गिरणीत खोकला ऐकू येत नाही, मागांचा कल्लोळ तो गिळून टाकतो. पण खोकला दिसतो. उन्हाळा लागता लागता एका सकाळी कल्लप्पाला बसप्पाचे खांदे हलताना दिसले. तो जवळ गेला आणि कानाशी तोंड नेलं.

"कवापास्नं?"

"तूस गेलं रं नरड्यात. आण तुजा धोटा."

"माजंबी तुसानंच सुरू झालं हुतं."

"येडा का खुळा? डाक्टरनं दमा सांगितलाय की तुला!"

"वाटतो म्हनला," कल्लप्पा म्हणाला. "वाटतो म्हनला त्यो, बसप्पा."

बसप्पानं हात पुढं केला. कल्लप्पानं धोटा दिला नाही. आपल्या मागांवर परत जाऊन त्यानं दोन्ही माग थांबवले. सगळे धोटे काढून धोतराच्या सोग्यात बांधले.

"अरं, त्ये गिरणीचं हायेत!" सिद्धाराम ओरडला.

"माज्या तोंडाचं हायेत."

तो दाराकडं चालू लागला. थोडं गेला की मागाच्या चौकटीला धरून थांबे, श्वास ओढे, पुन्हा चाले. बसप्पाला आपले माग सोडता येत नव्हते. तो जागेवरून बघत राहिला. त्याच्या एका मागाचं सूत तुटलं, तरी त्यानं मान वळवली नाही.