माझे सासरे पडलेच नाहीत

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाचंही ऐकलेलं नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पाठीचा मणका दबला तेव्हा त्यांनी मणक्याचंही ऐकायला नकार दिला. नेपानगरच्या कागद कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं फिटरचं काम केलं. पंप, रोलर, मोटार यांच्या आवाजावरून आत काय बिघडलंय ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. निवृत्त होऊन बऱ्हाणपूरला राहायला आले, तरी विद्या काही निवृत्त झाली नाही. घरातला पंखा, मिक्सर, कूलर यांना ते आठवड्यातून एकदा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून तपासतात. एकदा आम्ही इच्छापूरला देवीच्या दर्शनाला बसने निघालो होतो. अर्ध्या वाटेत त्यांनी बसच्या पत्र्याला कान लावला आणि ड्रायव्हरला जाऊन सांगितलं, "भैया, पंप जा रहा है." ड्रायव्हरने मान हलवली आणि गाडी तशीच हाकली. दोन किलोमीटरवर बस बंद पडली. डिझेल संपलंय असं कंडक्टर सगळ्यांना सांगत होता, पण माझे सासरे केळीच्या शेताकडेला हात मागे बांधून अशा थाटात उभे होते, की मागून दुसरी बस आली तेव्हा दोघा-तिघांनी आधी त्यांना विचारलं, ह्या बसमध्ये बसावं का?

अशा माणसाचा विजेच्या घंटेवर विश्वास बसणं शक्यच नव्हतं. गच्चीवरची टाकी भरली की वाजणारी एक घंटा माझ्या नवऱ्याने इंदूरहून आणून बसवली होती. तो नोकरीला तिकडेच असतो, शनिवारी येतो. घंटा वाजली की सासरे वर जायचे, टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि खाली येऊन सांगायचे, "बरोबर आहे." मे महिन्यात एका सकाळी घंटा वाजली, ते वर गेले, आणि थोड्या वेळाने जिन्यात धप्प आवाज झाला. मी धावत गेले. शेवटच्या पायरीखाली ते पंगतीला बसावं तसे मांडी घालायच्या बेतात बसले होते. मांडी मात्र जमत नव्हती.

"बाबा, पडलात का?"

"पडायला काय झालं? बसलोय."

"जिन्याखाली?"

"फरशी गार आहे इथली."

मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. कठडा धरून, दात आवळून, तीन टप्प्यांत ते उभे राहिले. पुढे तीन दिवस ते जेवले उभ्याने, पेपर वाचला उभ्याने, आणि शेजारचे गृहस्थ भेटायला आले तेव्हा त्यांच्याशी तासभर बोलले तेही उभ्याने. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसून बसून माणूस गंजतो." फोनवर मुलाला सांगितलं, "मी पडलो-बिडलो काही नाही. जिना संपला, मी उतरलो."

हा नुसता हट्ट असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यामागे एक कारण होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं सावकाश झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेपाचला सासरे दाढी करून, स्वच्छ बनियन घालून त्यांच्या पलंगाशी जायचे, त्यांना उचलून खुर्चीत बसवायचे आणि तिथून ओसरीत आणायचे. दिवसातून पाच-सहा वेळा ही ने-आण. बाई ठेवू म्हटलं तर ठेवू दिली नाही. मी एकदा पुढे झाले तर म्हणाले, "बेटा, तुझं डिपार्टमेंट स्वयंपाकघर, तुझी शाळा. हे माझं डिपार्टमेंट." सासूबाई तशा भरल्या अंगाच्या. त्यांना उचलताना ते कधी धापा टाकताना दिसले नाहीत. पडल्यानंतरच्या तीन दिवसांतही त्यांनी सासूबाईंना उचललं. चौथ्या दिवशी सासूबाईंनीच मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द जुळवत सांगितलं, "ह्यांना... दुखतंय. उचलताना... श्वास धरतात."

मग उपचार सुरू झाले, आणि उपचार करणाऱ्यांचे हाल सुरू झाले. पहिल्यांदा ते स्वतःच्या अटीवर शनवारा वेशीजवळच्या एका म्हाताऱ्या हाडवैद्याकडे गेले. म्हातारबांनी लेप लावून पट्टी बांधायला घेतली, तर सासरे म्हणाले, "इतकी आवळू नका. नट जास्त आवळला की आटे जातात." वैद्यांनी पट्टी सैल केली. "आता ढिली झाली," सासरे म्हणाले. चौथ्यांदा बांधल्यावर म्हातारबांनी हात जोडले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना हाडांच्या डॉक्टरांना का दाखवत नाही?" मला वाटतं, आपला पेशंट इतक्या आनंदाने त्यांनी पूर्वी कुणाला दिला नसेल.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सासऱ्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात उलटसुलट धरला आणि डॉक्टरांनाच समजावलं, "अलाइनमेंट जरासं गेलंय. एवढ्यावर मशीन चालतं." डॉक्टर तरुण होते, शांत होते. म्हणाले, "चाचाजी, एक मणका दबला आहे. तीन आठवडे आराम, कमरेला पट्टा, आणि वजन अजिबात उचलायचं नाही."

"म्हणजे शटडाऊन?"

"हां, शटडाऊन."

"शटडाऊनला लेखी ऑर्डर लागते."

डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, खाली सही केली. सासऱ्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, जिंकलो. पण कारखान्यात पस्तीस वर्षांत किती लेखी ऑर्डरी त्यांनी खिशात ठेवल्या असतील, याचा विचार मी करायला हवा होता.

दोन दिवस सासूबाईंना मी उचललं. वाईटच उचललं. मला जमत नव्हतं, त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं, आणि सासरे पलंगावर पडून छताकडे बघत सूचना द्यायचे, "डावीकडून धर. डावीकडून." तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते. आतून कसलाच आवाज येईना म्हणून डोकावले. खोलीच्या मधोमध सासरे आणि सासूबाई एकमेकांना मिठी मारून उभे होते. सासऱ्यांच्या कमरेत अशी कळ भरली होती, की त्यांना ना पुढे जाता येत होतं ना मागे. सासूबाईंचा उजवा हात त्यांच्या गळ्यात, डोकं त्यांच्या खांद्यावर.

"काय झालं?" मी विचारलं.

"उभे आहोत," सासरे म्हणाले. कपाळावरून घाम गळत होता. "उभं राहायला बंदी नाही ना?"

सासूबाई हसत होत्या. त्यांचं तोंड एका बाजूने हसतं, पण त्या सकाळी त्या इतक्या हसल्या, की मला आधी त्या रडताहेत असंच वाटलं. मी खुर्ची मागे सरकवली, त्यांना बसवलं, मग सासऱ्यांना भिंतीला धरून पलंगापर्यंत नेलं. आडवे झाल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते दिवसभर वळवलं नाही. कूलर खडखडत होता, तरी त्यांनी कान दिला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी फिजिओथेरपीची एक मुलगी घरी पाठवली. बारीकशी, चष्मा लावणारी, स्कूटीवरून यायची. सासऱ्यांनी तिचं वय विचारलं, तिने सांगितलं, मग ते मला म्हणाले, "माझा पाना हिच्यापेक्षा जुना आहे." मुलीला मराठी समजायचं. ती हसली आणि म्हणाली, "दादाजी, पाना जुना आहे ना? तर मग कुठे लावायचा ते शिका." त्या वाक्याने तिला घरात प्रवेश मिळाला. तिने त्यांना गुडघ्यात वाकायला शिकवलं, पाठ सरळ ठेवून उठायला शिकवलं. व्यायाम दहा वेळा सांगितला की ते नऊ वेळा करायचे. दहावा हा आपल्या मर्जीचा, असं त्यांचं म्हणणं.

एकदा तिने विचारलं, "दादाजी, दादीजींना तुम्ही उचलता कसं?" त्यांनी हवेत करून दाखवलं. तिने ते नीट पाहिलं. मग सासूबाईंच्या समोर जाऊन खाली बसली आणि म्हणाली, "दादीजी, उजव्या पायाने जमीन दाबा. जोरात." सासूबाईंनी दाबली. मुलीने त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, त्यांचा डावा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवला आणि म्हणाली, "आता नाक माझ्याकडे आणा, आणि उठा." सासूबाई उठल्या. कुणीही न उचलता, नुसत्या पट्ट्याच्या आधाराने, थरथरत, पण स्वतःच्या पायांवर.

सासरे बघत राहिले. "हे हिला आधीपासून येत होतं?"

"दादाजी, तुम्ही कधी उठूच दिलं नाही," ती सरळपणे म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता, पण तो बसायचा तिथे बसला.

दिवाळीपर्यंत सासूबाई वॉकर धरून पलंगापासून ओसरीपर्यंत जायला लागल्या. माझ्या नवऱ्याने फोनवर आनंदाने ओरडून शेजाऱ्यांना जागं केलं. मी शाळेत पेढे वाटले. सासऱ्यांनीही प्रत्येकाला सांगितलं, "माझी मिसेस चालायला लागली," आणि त्यात आपण पडल्याचा उल्लेख कुठेही येऊ दिला नाही. पण सकाळी साडेपाचला त्यांना जाग यायचीच. दाढी करायचे, स्वच्छ बनियन घालायचे आणि पलंगाच्या कडेला बसायचे. समोरून वॉकरचा टक-टक आवाज ओसरीकडे जायचा. ते मागोमाग जायचे, दोन्ही हात पुढे धरून, स्पर्श न करता. एकदा मला म्हणाले, "बेटा, तुझ्या शाळेत काही दुरुस्तीचं काम असलं तर सांग." मी बघते म्हटलं. त्यांच्याकडे बघवलं मात्र नाही.

मागच्या आठवड्यात मी सकाळी लवकर उठले. सासूबाई एकट्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वॉकरने येऊन, पाणी पिऊन, परत जाऊन आडव्या झालेल्या मी पाहिल्या. सासरे आंघोळीला गेले होते. थोड्या वेळाने ते दाढी करून पलंगाशी आले.

"चल," ते म्हणाले. "उठतेस ना?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. "आज... पाय जड वाटतोय हो," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी आपल्या कमरेचा पट्टा घट्ट केला, पाठ सरळ ठेवली, गुडघ्यात वाकले. सासूबाईंनी उजवा हात त्यांच्या गळ्यात टाकला. मी हळूच मागे सरकले आणि दूध तापवायला गेले.