गर्डरला थंडी लागू नये म्हणून

मानेसरला पुलांचे गर्डर बनवणाऱ्या आमच्या यार्डात, काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून त्याला वाफ देणारे एक गृहस्थ आहेत. नुकत्याच ओतलेल्या गर्डरवर ते ताडपत्री घालतात, कडा नीट खोचतात आणि वरून थोपटतात, "सो जा, बेटा." मग वाफेच्या पाइपाशी स्वतःची रताळी शिजायला ठेवतात. मी तिथला इंजिनिअर; माझ्या कामांच्या यादीत थोपटण्याला जागा नव्हती, त्यामुळे मला ते खटकायचं.

या थंडीत सिलिका फ्यूम ही काँक्रीट मजबूत करणारी बारीक पूड घातलेला आमचा पहिला गर्डर वाफेवर होता. वाफ नुकतीच बंद झाली होती, पण तो ताडपत्रीखाली सावकाश निवायला हवा होता. एकदम गार वारा लागला असता तर तडे गेले असते आणि सगळी मेहनत वाया. नेमके तेव्हाच दिल्लीहून मोठे साहेब आले.

"खोलो भाई, फोटो लेना है!" म्हणत त्यांनी ताडपत्रीच धरली. मी तोंड उघडेपर्यंत या गृहस्थांनी साहेबांच्या हातांत वाफाळती रताळी कोंबली.

"पहले शकरकंदी, साहबजी. बच्चे को ठंड लग जाएगी."

साहेब "अरे, अरे!" करत रताळी झेलत जागच्या जागी नाचले, मग फुंकून फुंकून खाऊ लागले. खाता खाता गप्पांत रमले. ती संधी साधून मी त्यांना जेवायलाच नेलं.

संध्याकाळी ताडपत्री निघाली. एकही तडा नव्हता! साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चक्क गर्डरला थोपटलं.

आता माझ्या यादीत ताडपत्री काढण्याच्या आधी एक काम असतं: रताळी आणणे, साहेब येणार असल्यास जास्त.