उत्तर उद्याच्या अंकात

डिचोलीवरून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्यासाठी रोज जागा धरलेली असते. कारापूरला चढणारी माझी मैत्रीण शेजारी पर्स ठेवून बसते आणि मी चढले की पेपरातलं शब्दकोडं माझ्या मांडीवर ठेवते. इभ म्हणजे हत्ती, अही म्हणजे साप, लूता म्हणजे कोळी. असले जन्मात कुणी न बोलणारे, कोड्याचे कोपरे भरण्यापुरतेच उरलेले शब्द मी पटापट सांगते. कंडक्टरसुद्धा मला ‘डिक्शनरी’ म्हणतो. यातले निम्मे शब्द मी पर्सच्या आड मोबाईलमध्ये बघते, हे कोणालाच माहीत नाही.

गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशीच्या कोड्याचं उत्तर छापून आलं होतं. आम्ही रिकाम्या सोडलेल्या दोन चौकोनांत ‘दर्वी’ होतं. कोडं आणि त्याची सूत्रं ज्यात होती तो पेपर रद्दीत गेलेला.

“दर्वी म्हणजे काय गो?”

नेमकं नेटवर्क नव्हतं. माहीत नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. “दूर्वेचा कोवळा कोंब,” मी ठोकून दिलं.

“किती गोड,” ती म्हणाली. पणजी येईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

बारशाला गेले, तर पाळण्यावर थर्माकोलची अक्षरं लावलेली: दर्वी. ओसरीवर जाऊन मोबाईल उघडला. दर्वी म्हणजे पळी. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

तिच्या सासूबाई मात्र मला हाताला धरून पाहुण्यांत फिरवत होत्या. “ह्यांनीच नाव दिला. अर्थ तुमीच सांगा बाय.” आणि मी सांगितला. विचारील त्याला तोच कोवळा कोंब. पंगतीत सासूबाई खिरीचं पातेलं घेऊन माझ्यापुढे थांबल्या आणि मला एक पळी जास्तच वाढली. मान वर करवेना इतकी लाज वाटत होती. तरी खीर मी संपवली.

रजा संपवून ती परत आली. आधी लेकीचे फोटो दाखवले, मग कोडं माझ्या मांडीवर ठेवलं. हे शब्द फिरून फिरून येतातच, ते मला कळायला हवं होतं.

“पळी. दोन अक्षरां. सांग बघूया.”

मोबाईलला हातही न लावता मला उत्तर येत होतं.

“म्हायत ना गो,” मी म्हटलं. त्या बसमध्ये असं मी पहिल्यांदाच म्हणत होते.

ती हसली. “तुका येना म्हणजे नवलच.” चौकोन रिकामे ठेवून तिने पेपराची नीट घडी घातली आणि या खेपेला तो पर्समध्ये टाकला. “ठेवतंय हां. उद्या उत्तर येतला, मेळवून बघूया.”

सांगायला पणजीपर्यंतचा सगळा रस्ता होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.