पामतेलाची गणपूर्ती

आता कसं सांगू तुम्हाला, माणूस स्वतःच्याच हुशारीने किती फजीत होऊ शकतो? आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा पनवेलच्या एका ग्राहक सहकारी भांडाराचा मानद चिटणीस होतो. मानद म्हणजे काम सगळं, पगार शून्य आणि शिव्या बोनस! भांडार जुन्या पनवेलात, बाजाराजवळ. मी राहायला रुळांपलीकडे, नवीन पनवेलात. ऑफिसातून आलो की सायकल दामटत भांडारात. आमच्या बिल्डिंगखाली एक गाळा रिकामा होता. म्हटलं, भांडारच इथे आणलं तर?

"सहकाराच्या विकासासाठी हो," मी अध्यक्षांना सांगितलं.

"विकास कुणाचा, सहकाराचा की तुझ्या गुडघ्यांचा?" अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. "ठराव सभेत मांडावा लागेल. चंद्राबाई ऐकतील?"

तीच तर भीती होती! चंद्राबाई कोळीवाड्यातल्या. मासळी विकून झाली की रिकामी पाटी घेऊन थेट भांडारात यायच्या. सभेत त्या उभ्या राहिल्या की माझा ठराव आडवा.

पण मी बायकोला शब्द देऊन बसलो होतो. "सुमन, दिवाळीनंतर भांडार आपल्या जिन्याखाली!" ती नुसती तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं, आनंदाने शब्द सुचत नसतील.

मग मी नियमांचं पुस्तक काढलं. सभेला पंचवीस सभासद हवेत, म्हणजे गणपूर्ती. तेवढे नसले तर सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने पुन्हा भरते, तेव्हा मात्र हजर असतील तेवढ्यांनी ठराव करायचे. चार डोकी असली तरी चालतात!

आणि बघा नशीब, दिवाळीच्या तोंडावर पामतेलाचे डबे आले. तेव्हा स्वस्त, पण क्वचितच मिळणारं पामतेल म्हणजे काय चीज होती, ते आठवतंय ना? मी भांडाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रविवारी सकाळी दहा वाजता पामतेल. फक्त सभासदांना.' आणि सभा? रविवारी सकाळी दहालाच, दोन गल्ल्या सोडून, शाळेच्या हॉलमध्ये. आता तुम्हीच सांगा, तेलाची रांग सोडून सभेला कोण कडमडायला येतंय?

रविवारी हॉलमध्ये मी, अण्णा आणि माझ्या बिल्डिंगमधले तिघे. दहा वाजता सभा तहकूब. मी खुशीत पोहे खायला घेतले.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी बाहेर गलका झाला. दारात चंद्राबाई! हातात तेलाचा रिकामा डबा. आणि त्यांच्यामागे अख्खी रांग.

"भाऊ, सही करा."

"कसली सही?"

"गनपत बोलतो, चिटनीसाची सही नाय तर तेल नाय!"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. अहो, तो नियम माझाच होता! आदल्या वर्षी भलतेच लोक तेल घेऊन गेले, म्हणून मीच भांडारात माल देणाऱ्या गणपतला दम दिला होता, "माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय थेंब बाहेर जाता कामा नये." आणि सगळ्या गावाला रांगेत उभं करताना, सही करणारा हात इकडे सभेत असणार, हे मात्र या दीडशहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात पांढऱ्या मिशांचा गणपतच घाम पुसत आला. "दुकानाला कुलूप लावलं, भाऊ. मी पण सभासद हाय."

माणसं बाकांवर बसली, खिडक्यांत बसली. अण्णांनी डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. "चिटणीस, गणपूर्ती झाली! अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदा बघतोय. सह्या नंतर. आधी ठराव वाच."

मी वाचला. म्हणजे पुटपुटलो.

"मोठ्यानं!" मागून आवाज.

मोठ्याने वाचला. चंद्राबाई उठल्या. "रुलांपलीकडं? माजी सासू काठी टेकीत भांडारात येते. तिनं रूल कसं वलांडायचं? तुमी येनार हाय काय हात धराया?"

खरं सांगतो, मान खाली गेली. मी रोज सायकल उचलून रूळ ओलांडत होतो, पण त्या म्हातारीचा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

"ठरावाच्या विरोधात कोण?" अण्णांनी विचारलं. हातच हात! शेवटच्या बाकावर एक हिरव्या बांगड्यांचा हात. दुसऱ्या हातात ओळखीचा डबा. आमच्याच घरचा!

"सुमन, तू?" महिला सभासद वाढाव्यात म्हणून मीच तिला सभासद करून घेतलं होतं.

"भांडार जिन्याखाली आलं की मी गावात यायला निमित्त काय सांगू?" ती उभी राहून म्हणाली. "आठवड्यातून एकदा मैत्रिणी भेटतात. आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा जिन्याखाली!"

हॉल असा हसला की पंखासुद्धा हलला. हसू ओसरायच्या आत सुमनने पुढची सूचना मांडली, "दरवर्षी पामतेल सभेतच वाटावं." चंद्राबाईंनी अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर! माझ्या बिल्डिंगमधल्या तिघांचेही हात वर.

मग मी सह्या करत बसलो, दुपारचे दोन वाजेपर्यंत. बोटं आखडली. सगळे गेल्यावर अण्णांनी सभेचं इतिवृत्त माझ्यापुढे सरकवलं आणि सांगायला लागले, "लिही. चिटणिसांनी विचारपूर्वक योजना आखून सर्व सभासदांना सभेस आणले, याबद्दल ही सभा त्यांचे अभिनंदन करते."

मी पेन हातात धरून बसलो. योजना मी आखली होती. सभासद आले होते. मग खोडणार काय?

खाली सही केली. दिवसभरातली शेवटची.