खाली फिरणारं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आष्ट्याचे नाही, म्हणून असेल.

आमच्या गल्लीत बापू राहतात. फौजेतून रिटायर झालेले, आता नव्वदीला टेकलेले. नाव, गाव, जेवण — सगळं विसरलेत. पण उन्हं कलली की ओट्यावर बसून उजवा हात पुढं करतात, तर्जनी जमिनीकडं धरतात आणि गोल गोल फिरवतात. डोळा लागला तरी बोट फिरतच असतं. नवखा माणूस बिचकतो. मला मात्र ती खूण वाचता येते. ‘माल खाली सोड.’

मी बंदरात जहाजावरची क्रेन चालवायचो. बापूंचा पोरगा संभा माझा लंगोटीयार. त्याला मीच तिथं चिकटवला. तो डेकवरून हातानं खुणा करायचा, मी वर केबिनमध्ये. तिथून चेहरा दिसत नाही, नुसता हात दिसतो. त्या हातावर भरवसा ठेवायचा. आणि मला एक खोड होती — त्यानं ‘थांब’ केलं, की मी मुद्दाम माल हातभर आणखी सोडायचो. तो खालून मूठ दाखवायचा, मी वर हसायचो. गाववाल्यांची थट्टा! तिला कोण हरकत घेणार?

त्या दुपारी लोखंडी सळयांचा भारा झुलत होता. संभानं हात आडवा धरला. थांब. मी पाहिलं — अगदी स्पष्ट पाहिलं. आणि हातभर सोडला.

मूठ काही वर आली नाही.

चौकशीत मी म्हणालो, त्यानं ‘खाली’ अशीच खूण केली होती. चूक मेलेल्याच्या नावावर गेली. नोकरी सोडून गावी आलो, तेव्हा बापूंनी एवढंच विचारलं, “कसा हात केला हुता रं त्यानं? दाव मला.”

मी दाखवला. खोटा हात, बापाला. त्यांनी तसाच करून बघितला. पुन्हा केला.

“फौजीचं पोरगं, आन् खूण चुकलं,” ते म्हणाले. “तुजा काय दोष न्हाई रं, लेका.”

काल मी ते बोट मुठीत धरलं. मुठीतही ते फिरत राहिलं. आता त्यांना सांगून कळणार नाही. कळत होतं, त्या बारा वर्षांत मी रोज रामराम घालून त्या ओट्यावरून पुढं गेलो.