तारामतीसाठी दहावं घर

ईश्वरप्पा गवंडी म्हणजे माझ्या धंद्याला लागलेली साडेसाती, असं मी लातूरभर सांगत फिरायचो. मी घरं दाखवणारा एजंट. गिऱ्हाईक फ्लॅट बघून खूश झालं, की म्हणायचं, "एकदा रेणापूरच्या ईश्वरप्पाला दाखवू." झालं! म्हातारा यायचा, खांबांवर थापा मारायचा, पाया काळ्या मातीतच थांबलाय का खाली मुरमापर्यंत गेलाय ते खोदून खोदून विचारायचा. चार सौदे मोडले माझे. पण खोटं कशाला बोलू, मागाहून मलाच पटायचं. आणि घर चांगलं असलं तर तो सरळ 'घ्या' म्हणायचा.

फक्त पोटच्या पोरीला, तारामतीला, कधी म्हणाला नाही.

तारामती शाळेत शिकवते. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडच्या त्यांच्या गावात तिची आई आणि धाकटा भाऊ गेले. सहा वर्षांची तारामती गणपतीला मुखेडला मामाकडे गेलेली, म्हणून वाचली. ईश्वरप्पा कामावर लातुरात होता. तेव्हापासून तो रेणापूरला पत्र्याच्या शेडात राहतो. बापानं, तिच्या अण्णांनी, आपल्याजवळ येऊन राहावं, एवढ्यासाठीच तिला फ्लॅट घ्यायचा होता. "अण्णा हाव म्हणतील तेच घेईन," हा तिचा हट्ट. दोन वर्षांत नऊ घरं दाखवली, नऊच्या नऊ नापास!

दहावं दाखवलं ते गेल्या मे महिन्यात. पाया मुरमावर, खांब दणकट, इंजिनिअरचा दाखला हातात. तारामती खाली बिल्डरच्या माणसाशी बोलत थांबली आणि आम्ही दोघं गच्चीवर गेलो. म्हाताऱ्यानं चारी बाजू बघितल्या अन् म्हणाला, "न्हाई. हे बी नको."

माझं डोकंच सटकलं. "अहो, लोकांना घ्या म्हणता अन् पोरीचं घर तेवढं होऊ देत न्हाईत. बाप हायात का वैरी?"

तो कठड्याला टेकून खाली बसला. "घरात खोट न्हाई, नरसिंग. ती नऊ बी चांगलीच व्हती."

मग हळूहळू बोलायला लागला. "त्या साली पावसात आमच्या घरावरचं मातीचं माळवद गळाया लागलं. नेमकं तारीच्या अंथरुणावर. पोर लई रडली. म्या वीस टोपल्या माती चढवली वर. आधीच दरसालचे थर व्हते. गळायचं थांबलं, पोर हसत मामाकडं गेली. अन् ते समदं ओझं तिच्या मायवर अन् लेकरावर पडलं."



"तिच्या ध्यानात न्हाई ते. भेटली की इचारते, अण्णा, आपलं घर कसं पडलं? मी टाळतो. रोज एका छपराखाली राहिलो तर कवातरी तोंडातून जाईल. मंग ती जन्मभर सोताला दोष देईल."

तेवढ्यात तारामती धापा टाकत वर आली. तोंडावर केवढी आशा! "काय म्हणले अण्णा?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. उभ्या धंद्यात मी पहिल्यांदाच चांगल्या घराला नावं ठेवली. म्हणालो, "पाया कच्चा हाय, ताई."

तिचा चेहरा पार उतरला. पण तिनं बापाला दंडाला धरून उठवलं आणि जिन्याकडे नेत म्हणाली, "असू द्या अण्णा. तुम्हाला पसंत पडंल तोवर बघू आपण."